भाजावळ आणि वणवा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत आग हे कोयत्याइतकंच जुनं शेतीचं अवजार आहे. भाताची दाढ भाजायची तर आग लागते. नाचणी-वरीसाठी वरकसाचा तुकडा मोकळा करायचा तर आग लागते. काजूखालचा पातेरा, बांधावरची झुडपं, गोठ्यामागचा कचरा, सगळ्याला शेवटी काडीच लावतात. माघ-फाल्गुनात यातलीच एखादी आग भर दुपारी बांध ओलांडते, गवतात शिरते आणि दिवस मावळेपर्यंत डोंगराच्या माथ्याला पोचते. मग तिला वणवा म्हणतात. मुंबई-गोवा महामार्गावरून रात्री जाणाऱ्याला डोंगरावर नुसती लाल रेघ दिसते. त्या रेघेच्या वाटेत कुणाची चार-पाच वर्षं जपलेली काजूची कलमं असतात, कुणाची पेंढ्याची उडवी, कुणाचा गुरांचा वाडा.

कामाची आग आणि वणवा यांच्यात अंतर थोडंच असतं: जरासा वारा, जरासा उतार, चुकलेली वेळ आणि हाताशी नसलेली दोन माणसं. ते अंतर कसं राखायचं हे शिकवता येतं. आपण ते शिकवत नाही. ‘वणवा लावू नका’ असे फलक रस्त्याकडेला लागतात, शाळेतली मुलं घोषणा देत फेरी काढतात, फेब्रुवारीत वर्तमानपत्रात आवाहन छापून येतं. ज्याच्या वर्षाच्या कामात चार वेळा आग येते, त्याला ‘आग लावू नका’ सांगून काय साधणार? कुठली आग, कोणत्या वेळी, कोणत्या बाजूनं आणि किती माणसं सोबत घेऊन, हे त्याच्याशी बोलायला हवं. जमीनधारकाला आगीचं रीतसर प्रशिक्षण द्यायला हवं, आणि त्याची सुरुवात त्याच्या स्वतःच्या दाढेवरच्या राबापासून व्हायला हवी. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे.

आधी इथला डोंगर पाहू. महाबळेश्वरच्या कड्यावरून सावित्री खाली उतरते, पोलादपूरला वळसा घालून महाडकडे जाते आणि पुढे बाणकोटच्या खाडीला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना, उमरठ, कापडे, साखर, कुडपण या बाजूला काय किंवा वरंध, शिवथर, पाचाडच्या बाजूला काय, उभे उतार आहेत. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि गवत छातीएवढं वाढतं. पाऊस थांबला की उरलेले आठ महिने कोरडे. कार्तिकात गवत पिवळं पडतं, पौषात वाळतं, माघात त्याला ठिणगी पुरते.

पूर्वी हे गवत असं उभं राहत नसे. घरटी चार-सहा गुरं होती, दसऱ्यानंतर कोयते निघत आणि पेंढ्या बांधून घरी येत. आता वाड्यांमधली तरणी माणसं मुंबईत, पुण्यात, महाडच्या कारखान्यांत आहेत. गुरं कमी झाली, गवत कापणारे हात त्याहून कमी झाले. कापायला कुणी नाही म्हणून गवत उभं राहतं, आणि उभं राहिलं म्हणून जळतं. वणवे वाढले की लोक लगेच काडी लावणाऱ्याला शोधू लागतात. मला मात्र न कापलेलं गवत त्याच्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. काडी लावणारे दर पिढीत होतेच, पण एवढा सलग चारा डोंगरावर वाळत उभा नव्हता.

*

आता राब. सह्याद्रीच्या या पट्ट्यात भाताचं रोप जिथं करतात त्या जागेला दाढ म्हणतात. एक हेक्टर लावणीला साधारण दहा गुंठ्यांचं रोप लागतं, म्हणजे शेताचा दहावा हिस्सा. त्या हिश्श्यावर शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळाचा तोडलेला कवळ, त्यावर पातेरा, गवत, आणि सगळ्यात वर मातीची पातळ पाखर. हा राब उन्हाळ्यात भाजतात, तीच भाजावळ. माती वरून का घालतात? ज्वाळा उठू नये, थर आतल्या आत धुमसत राहावा आणि जमीन खोलवर तापावी म्हणून. पेटवतात तेही वाऱ्याच्या उलट बाजूनं, आग वाऱ्याला तोंड देत हळूहळू सरकावी म्हणून. आणि पेटवण्याआधी दाढेच्या कडेचा पातेरा झाडून घेतात.

नीट पाहिलं तर आगीच्या व्यवस्थापनाचं निम्मं शास्त्र इथंच आहे. इंधन किती आणि कसं रचायचं, हवा किती द्यायची, वाऱ्याच्या कोणत्या अंगानं पेटवायचं, कडा कशा मोकळ्या करायच्या. हे ज्ञान ज्यांच्या हातात आहे त्यांना अडाणी समजून घोषणा ऐकवणं मला पटत नाही.

राबावरून या भागात एकदा मोठं राजकारणही झालं आहे. इंग्रजांनी जंगलं राखीव केली, कवळ तोडायला बंदी आली आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतले शेतकरी हवालदिल झाले. तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई सरकारला १८८५मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७मध्ये आला आणि त्यात राबाचा प्रश्न मध्यवर्ती होता. महाड तेव्हा कुलाब्यात होतं. कुलाब्याचा रायगड १९८१मध्ये झाला. राब ही शेतकऱ्याची खोड आहे की गरज, हा त्या वेळचा वाद होता. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह त्याचा रासायनिक अभ्यास केला आणि १९१२मध्ये प्रसिद्ध केला. राबाचा फायदा निव्वळ राखेतल्या खताचा नाही, जमीन तापण्याचाही त्यात वाटा आहे, हे त्यातून पुढे आलं. तण कमी होतं हे तर कुठलीही म्हातारी सांगेल. म्हणजे राब करणारा वेडा नव्हता. त्याला दुसरी सोय मिळाल्याशिवाय तो राब सोडणार नव्हता, आणि अजूनही पुष्कळ ठिकाणी सोडलेला नाही.

दाढेवर आग लावताना पाळले जाणारे नियम डोंगरावर गेलं की मात्र विसरले जातात. दाढ स्वतःची, शेजारी पाण्याची कळशी, घरातली चार माणसं उभी. वरकसाच्या तुकड्यावर माणूस एकटाच जातो. सकाळी घरची कामं उरकून जातो म्हणजे पोचेपर्यंत अकरा वाजलेले. बांधावरचं झुडूप पेटवतो आणि बाजूला सावलीला बसतो. एवढ्यात पश्चिमेकडून वारा सुटतो. बहुतेक वणव्यांना एवढीच सुरुवात पुरते.

बाकीची कारणं लोक दबक्या आवाजात सांगतात. सशा-डुकरांच्या शिकारीसाठी रान पेटवलं जातं. मधाचं पोळं उतरवताना पेटती चूड खाली पडते. विडीचं थोटूक असतं, विजेच्या तारांची ठिणगी असते. जाळल्यावर गवत कोवळं आणि दाट येतं, हा समज घट्ट आहे, आणि तो निराधार नाही: काळ्या जमिनीतून हिरवे कोंब उठलेले डोळ्यांना दिसतात. ते मातीत शिल्लक राहिलेल्या ओलाव्यावर आलेले असतात आणि मूठभरच असतात. त्यासाठी चैत्र-वैशाखात गुरांना पुरला असता तो सगळा वाळला चारा जाळलेला असतो, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. दर वर्षी जाळलेल्या उतारावर कुसळीसारखं राठ गवत टिकतं. झाडांमध्ये जाड सालीचीच राहतात, ऐन, पळस, कुंभा. कुंभ्याची साल धुमसते पण लवकर जळून जात नाही, म्हणून जुन्या काळी तोड्याच्या बंदुकीची वात तिच्यापासून करत. पातळ सालीचा काजू, कोवळं आंब्याचं कलम, जांभळाचं, हिरड्याचं रोप अशा जागी तग धरत नाही.

आणखी एक कारण आहे आणि ते उघड बोललं पाहिजे. १९७५च्या खाजगी वनसंपादन कायद्यानंतर रायगडातल्या अनेक सातबाऱ्यांवर ‘खाजगी वन’ अशी नोंद आली. मालकीच्या डोंगरावर झाडी वाढू दिली तर जमीन हातची जाईल, ही भीती तेव्हापासून मनात बसली. रान वाढण्यापेक्षा जळलेलं बरं असं वाटणारा मालक जोवर आहे, तोवर वनरक्षकानं गावात येऊन कितीही सांगितलं तरी ते भिंतीवर आपटून परत येणार. म्हणून प्रशिक्षणात तलाठी हवा, कायदा जाणणारा वकील हवा, आणि झाड लावल्यानं जमीन जाते की नाही याचं स्पष्ट उत्तर पहिल्याच बैठकीत मिळायला हवं.

*

वनखात्याचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरलेला असतो. त्याआधी वनहद्दीवर जाळरेषा काढल्या जातात. काही ठिकाणी हल्ली पाठीवरचे ब्लोअर आले आहेत, त्यांनी पातेरा उडवून रेषा साफ होते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आगीचे इशारे पाठवते. कुणीही नागरिक आपला मोबाईल नोंदवून ते मिळवू शकतो. वनखात्याचा १९२६ हा क्रमांकही आहे. पण हा उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा डोक्यावरून जातो आणि त्याचा एक ठिपका ३७५ मीटरचा असतो. आमच्या उतारावरचं गवत दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात जळून राख झालेलं असू शकतं.

शिवाय हद्दीचा प्रश्न. गावाला लागून असलेले पुष्कळ उतार वनखात्याचे नाहीत, मालकीचे आहेत. तिथं जाळरेषा काढायला वनरक्षक जाणार कोणत्या अधिकारानं? १९२७च्या भारतीय वन अधिनियमात कलम २६ आणि ३३ राखीव आणि संरक्षित वनातल्या आगीला गुन्हा ठरवतात, आणि हेतुतः किंवा घोर निष्काळजीपणानं आग लावली गेली तर त्या वनातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क स्थगित करता येतात. कलम ७९ प्रमाणे वनात हक्क असणाऱ्यांनी आग विझवायला मदत करणं बंधनकारक आहे. हे कलम फारसं कुणाला ठाऊक नसतं. उलट फोन करणाऱ्याचीच चौकशी होईल म्हणून लोक गप्प बसतात. आग पहिल्या अर्ध्या तासात विझते किंवा मग विझतच नाही. त्या अर्ध्या तासात फोन करणाऱ्याला साक्षीदार मानायचं, संशयित नाही, एवढं आश्वासन वनखात्यानं आणि पोलिसांनी लेखी दिलं तरी गाव बोलू लागेल.

*

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात जमीनधारकांना आगीचं शिक्षण देणारा ‘हॉटस्पॉट्स फायर प्रोजेक्ट’ चालतो. निसर्गसंवर्धन संस्था आणि ग्रामीण अग्निशमन दल यांनी मिळून चालवलेला. तिथं शेतकरी आधी नकाशावर स्वतःच्या जमिनीचा आराखडा करतो: कुठला तुकडा कधी जाळला होता, कुठला कधीच जाळायचा नाही, घर कुठं, पाणी कुठं, पळायची वाट कुठं. मग पुढच्या भेटीत प्रत्यक्ष एक छोटा तुकडा तज्ज्ञांच्या देखरेखीत जाळून दाखवतात. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमध्ये २००६पासून आदिवासी वनरक्षक कोरड्या ऋतूच्या सुरुवातीलाच ठिकठिकाणी लहान आगी लावतात, म्हणजे उशिरा येणाऱ्या मोठ्या आगीला सलग इंधन मिळत नाही. त्यांचा प्रदेश अफाट, आपला उभा आणि तुकड्यातुकड्यांचा. त्यांची रीत जशीच्या तशी उचलली तर घात होईल. वेळेचं तत्त्व मात्र इथंही लागू पडतं.

जवळचं उदाहरण उत्तराखंडातलं आहे. अल्मोडा जिल्ह्यातल्या शीतलाखेत परिसरात शेतकरी बांधावरची झुडपं कापून सुकवतात आणि जाळतात. त्या ढिगाऱ्याला ते ओण म्हणतात. ओण जाळायला उशीर झाला की तीच आग चिडाच्या रानात शिरते. गावांनी ठरवलं की ओण ३१ मार्चच्या आत जाळून संपवायचा आणि १ एप्रिल हा ‘ओण दिवस’ म्हणून पाळायचा. आग बंद केली नाही, तिची वेळ बदलली. महिला मंगल दलं पुढे झाली, वनखात्यानं साथ दिली. ओणाच्या जागी राब घाला, चिडाच्या जागी आपलं गवत घाला, म्हणजे महाड-पोलादपूरला काय करता येईल ते कळतं.

गाव सोबत आलं की काय होतं याचा दाखला आपल्या जिल्ह्यातही आहे. महाडच्या सीस्केप संस्थेचं गिधाडांचं काम म्हसळ्याच्या चिरगावात उभं राहिलं ते गावकऱ्यांच्या भरवशावर. पक्ष्यासाठी जे जमलं ते स्वतःच्या काजूसाठी का जमू नये?

*

मग शिकवायचं काय? पहिला धडा वाऱ्याचा. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे दुपारपर्यंत सावित्रीच्या खोऱ्यातून वर चढतात, रात्री हवा डोंगरावरून खाली उतरते. म्हणजे दुपारची आग वर जाणार आणि रात्रीची खाली, वाडीकडे सरकू शकणार. सकाळी उन्हं तापायच्या आत, दव असताना लावलेली आग सगळ्यात आज्ञाधारक.

दुसरा उताराचा. ढोबळ नियम असा आहे की उतार दहा अंशांनी वाढला की वर चढणाऱ्या आगीचा वेग दुप्पट होतो, वीस अंशांना चौपट. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांमधले उतार याहून कितीतरी उभे आहेत. तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीत ११ मार्च २०१८ला डोंगर उतरणाऱ्या भटक्यांना गवताच्या वणव्यानं गाठलं आणि २०हून अधिक जीव गेले. आगीच्या वर, चढणीच्या वाटेवर कधीही उभं राहायचं नाही, हे पोरासोरांच्या तोंडी बसलं पाहिजे. अडकलोच तर वर पळायचं नाही. आधीच जळून काळी झालेली जमीन गाठायची.

अमेरिकेतला रानाग्नी विझवणारा जवान पॉल ग्लीसन यानं १९९१मध्ये चार गोष्टींची शिस्त मांडली. मराठीत ती टेहळणी, हाक, वाट, आसरा अशी म्हणता येईल. एक माणूस फक्त आगीकडे पाहणारा, सगळ्यांना पोचेल अशी हाक ठरलेली, माघारीची वाट आधी चालून पाहिलेली, आणि आसऱ्याची मोकळी जागा माहीत असलेली. या चारांतलं एकही नसेल तर आग विझवायला जायचं नाही. गवत पुन्हा उगवेल. ओल्या टहाळ्यांनी आग झोडपायला अनवाणी, नायलॉनच्या साडीत आणि टेरिकॉटच्या सदऱ्यात धावणाऱ्या माणसांना हे कुणीतरी नीट समजावलं पाहिजे: सुती कपडे, पायात जाड चप्पल-बूट, तोंडाला ओलं फडकं.

तिसरा धडा पट्टीचा, आणि सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यायला हवा. मार्गशीर्ष-पौषात बांधाला धरून गवताची पट्टी कापायची. निम्मं सुकल्यावर भल्या सकाळी दोन्ही कडा झाडून मधलं कापलेलं गवत वाऱ्याविरुद्ध पेटवायचं, दोन्ही कडांना पाठीवरचे फवारणी पंप घेऊन माणसं उभी करायची. आंबा-काजूवाल्यांच्या घरी ते पंप आहेतच, फक्त औषधाचा अंश राहणार नाही असे धुऊन पाणी भरायचं. गवत कापून नेणारं गिऱ्हाईक असेल तर जाळायचीही गरज नाही. शेवटचं काम कंटाळवाणं आणि म्हणूनच राहून जाणारं: शेणाची गोवरी आणि जुनं खोड तीन-तीन दिवस आतून धुमसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन हाताचा पालथा पंजा जवळ धरून ऊब पाहायची, पाणी ओतायचं, मातीनं बुजवायचं.

आणि ज्याला राब नकोच असेल त्याला दुसरी वाट दाखवायची. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ गादीवाफ्यावर रोप करायला सांगतं. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख देतात आणि शेतात गिरिपुष्पाचा पाला. कवळासाठी रानात जावं लागत नाही, बांधावरच पाला तयार होतो. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्रात तर गादीवाफ्यांवर थेट टोकणी. नांगरणी, चिखलणी, लावणी काहीच नाही, म्हणून दाढही नाही आणि भाजावळही नाही. ज्या वाडीत लावणीला माणसं मिळत नाहीत तिथं हे पटायला वेळ लागू नये.

डोंगर जळण्याचा पावसाशी काय संबंध, हेही लोक विचारतात. २२ जुलै २०२१ला महाडमधल्या तळियेवर दरड कोसळली, ८०हून अधिक माणसं गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखरच्या सुतारवाडीवरही त्याच दिवसांत आघात झाला. या दरडी वणव्यामुळे कोसळल्या असं मी म्हणणार नाही. अतिवृष्टी, उतार आणि खालचा खडक यांची कारणं वेगळी आणि खोल आहेत. पण उघड्या पडलेल्या उतारावरची राख आणि माती पहिल्या पावसात सावित्रीत जाते, आणि इतका पाऊस पडूनही चैत्रात वाड्यांना पाणी पुरत नाही, हे दोन्ही डोळ्यांसमोर आहे.

*

हा लेख वाचणारे अनेक जण या डोंगरांचे मालक आहेत. सामाईक सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्म्याहून अधिक डोंबिवली, घाटकोपर, लालबागची. गावातल्या चुलत्यानं पट्टी काढायची म्हटली तरी ‘माझ्या हिश्श्यात कुणाला विचारून आग लावलीस’ असा प्रश्न शिमग्याला पालखीसमोर येतो, म्हणून तो काढतच नाही. गावकीनं आणि गावाच्या मुंबईतल्या मंडळानं एकत्र बसून एक साधं संमतिपत्र करावं. त्यात गट क्रमांक, पट्टी कुठून कुठवर आणि किती रुंद, गवत कोण कापणार, ते कोण नेणार, कापणीचा खर्च मंडळ देणार की नेणारा, पट्टी जाळायला गावानं ठरवलेल्या माणसांची नावं, आणि त्या दिवशी वनरक्षकाला, सरपंचांना आधी कळवण्याची अट, एवढं असावं. प्रत ग्रामपंचायतीत आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावी. सातबाऱ्यावर नावं जितकी, सह्या तितक्या लागतील. दिवाळीत गवत अजून बुडाशी हिरवं असतं. पट्टी कापायला मार्गशीर्ष उजाडण्याआधी मुंबईतल्या सह्या गावी पोचायला हव्यात.